मला न विचारता डॉक्टर केल्याबद्दल

सोलापूर, रविवार

ती. अक्कास,

मल्लिकार्जुनचा पाया पडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल स्वतःला लावतेस, की मेंढ्यांनाच चोळून मोकळी झालीस? (तुझा भरवसा नाही.) आम्ही इकडे ठीकच म्हणायचे, पण मंगळवारपासून माझ्या घशाखाली भाकरी नीट उतरत नाही.

कारण मी डॉक्टर झालोय. हसू नकोस. दहावीला दोनदा बसलेला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकतीस वर्षं टॉवेल तपासलेला तुझा भाऊ डॉक्टर झालाय. मंगळवारी मोबाइलवर मेल आला की, आदरणीय डॉ. मल्लिकार्जुन, मेंढ्यांच्या जंतांवरचा सोबतचा लेख तपासून द्यावा. आधी वाटलं, फसवणूकवाले असतील. पण ते मेंढ्यांचं कशाला काढतील? म्हणून उघडला, आणि लेखकांत तुझ्या अभिमन्यूचं नाव बघून चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

शेजारच्या दिपाली मॅडम कॉलेजात शिकवतात, त्यांच्याकडे धावलो. त्यांनी समजावलं ते असं. शास्त्राच्या मासिकात लेख छापण्याआधी दोघातिघा परक्या जाणकारांकडून तपासून घेतात. त्यांची नावं लेखकालाही सुचवता येतात. आपल्या पठ्ठ्यानं सुचवला सख्खा मामा, तोही न विचारता आणि पदवीसकट! माझा मेल त्यानंच काढून दिला होता, पासवर्डही त्याच्याकडेच. मामा काही उघडत नाही, त्याच्या नावानं आपणच शाबासकी लिहून टाकू, असा बेत. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी दोन्ही लावले.

लेख इंग्रजीत, म्हणून मॅडमनीच वाचून सांगितला. (असा लेख गुप्त ठेवायचा असतो म्हणे. हे आम्हाला वाचून झाल्यावर आठवलं.) पहिलं नाव त्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं, ज्यांनी तुझ्या मैंदर्गीची वेससुद्धा पाहिलेली नाही. पाल्याचं औषध पाजलं एकशेवीस मेंढ्यांना. अक्का, तुझ्या मेंढ्या सव्वीस! बाकीच्या कुठून आल्या? फोटोंत पाचवी, नववी आणि एकाहत्तरावी मेंढी म्हणून तुझी फाटक्या कानाचीच तीनदा उभी केलीय.

इथवर मी हसत होतो. मग ओळ आली, 'एकही जनावर दगावलं नाही.' औषध पाजल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या दोन गेल्या ना? तू फोनवर रडत होतीस, "मल्लू, दोन्ही गाबण हुत्या रं. पोरगं म्हनतंय, उन्हानं गेल्या."

गुरुवारी त्याला बोलावलं. आल्या आल्या माझ्यावरच चढला, "मामा, मेल तुम्ही उघडलाच कशाला?"

"दोन मेल्या त्या कुटं लिवल्यास?"

"ते लिहिलं तर छापणार कोण? माझी बढती अडलीय."

"आन् छापलेलं वाचून कुनी आपल्या मेंढ्यांना पाजलं तर?"

त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, "सगळेच करतात की, मामा." अक्का, बिस्कीट मागावं इतक्या सहज म्हणाला गं! या पोराला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय.

तो गेल्यावर मी संपादकांना कळवलं की मी डॉक्टर नाही, लेखकाचा मामा आहे. मेंढ्या सव्वीस, मेल्या दोन. (इंग्रजी मॅडमचं, मेंढ्या आपल्या.) काल उत्तर आलं. लेख थांबवलाय, लेखकांकडे खुलासा मागितलाय, आणि माझं नाव ते गुप्त ठेवणार आहेत. लेखकाचा मामा एकच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

माझ्यावर रागावू नकोस.

तुझा,
मल्लिकार्जुन (नुसता)

ता. क. मुख्य काम राहिलंच. अभिमन्यूनं खरं काय ते लिहून लेख आपणहून मागे घेतला, तर थोडी तरी अब्रू राहील, असं मॅडम म्हणतात. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल.

ता. क. दुसरा. तुला वाचता येत नाही आणि तुझी पत्रं शनिवारी अभिमन्यूच वाचून दाखवतो, हे पाकीट चिकटवताना आठवलं. खोटं कशाला बोलू, लिहायला बसलो तेव्हाच ठाऊक होतं. तर अभिमन्यू, इथवर मोठ्यानं वाचत आला असशील तर शाबास. गाळत गाळत आला असशील तर पुन्हा वरून सुरू कर. आई कुठं जात नाही, तिचे गुडघे दुखतात.