हात धरून बसणे

प्रिय सिस्टरबाई,

पाकीट हातात पडल्यावर तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो. आई बरी आहे, मीही बरा आहे, घर जागच्या जागी आहे. दर रविवारी फोन होतो तरी हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. फोनवर मला जमत नाही. तुझा आवाज आला की मी नळाची गळती, आईचं पथ्य आणि वरच्या मजल्यावरच्यांची कुरकुर भराभरा सांगून टाकतो आणि फोन ठेवतो. ठेवल्यावर बराच वेळ त्या फोनकडेच बघत बसतो. हे कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

तुझे ड्यूटीचे पांढरे बूट अजून दाराशी आहेत. रविवारी सकाळी जुन्या टूथब्रशने त्यांना पॉलिश करायचं काम माझ्याकडे होतं, आणि टाचेच्या शिवणीत पॉलिश साचतं म्हणून तू दर वेळी कुरकुरायचीस. अजूनही महिन्यातून एकदा मी ते काम करतो. आई म्हणते, घालणारी तिकडे सातासमुद्रापार, तू इथे कुणासाठी चमकवतोयस? मी म्हणतो, धूळ बसते. आईला माझं उत्तर पटत नाही, पण ती विषय वाढवत नाही. या वयात तिला एवढं शहाणपण कुठून आलं कळत नाही, माझ्या लहानपणी तर नव्हतं.

आईवरून आठवलं. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. दीड महिन्यापूर्वी तिला न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस ती तुझ्याच वॉर्डात होती, खाट क्रमांक चौदा. तुला कळवलं असतं तर तू तिथे हातातलं काम टाकून निघाली असतीस, किंवा निघता आलं नाही म्हणून जिवाला लावून घेतलं असतंस. दोन्ही मला नको होतं. रागाव, पण पुढचं वाचून मग रागाव.

आईजवळ बसायला मला स्टूल दिलं. तेच स्टूल, एक पाय आखूड असलेलं. तुला वेगळं सांगायला नको. तीन वर्षांपूर्वी याच स्टुलावर मी सात दिवस बसलो होतो, हातात घड्याळ, मांडीवर तक्ता. सिस्टर लोकांच्या पगाराची श्रेणी वाढवायची की नाही हे ठरवायला समिती नेमली होती, आणि सिस्टर नेमकं किती काम करतात हे मोजायला हॉस्पिटलच्या आस्थापना शाखेतला सगळ्यांत काटेकोर कारकून हवा होता. काटेकोर हे नाव तूच ठेवलेलं, ते ऑफिसातही पसरलं होतं. मला केवढा अभिमान वाटला होता. नवी पेन्सिल घेऊन गेलो होतो.

रकाने मीच आखले. इंजेक्शन, सलाइन, औषधवाटप, ड्रेसिंग, नोंदी, डॉक्टरांसोबत फेरी. या कशातच न बसणारं काही असेल तर त्यासाठी शेवटचा रकाना, ‘रिकामा वेळ’. तुझ्या वॉर्डात तुझी पाळी आली तेव्हा मी जरा जास्तच ताठ बसलो. बायको म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, ही एकच भीती डोक्यात. दुसऱ्या सिस्टरला मी अर्धं मिनिट इकडेतिकडे सोडत होतो, तुला नाही. तू खाटेजवळ बसलीस, बाईचा हात हातात घेतलास, खिडकीबाहेर बघत राहिलीस, की मी लिहायचो, ‘हात धरून बसणे, दीड मिनिट’ आणि टाकायचो शेवटच्या रकान्यात. अशा तुझ्या नावावर एकेचाळीस नोंदी आहेत. तू एकदा माझ्याकडे बघून हसलीही होतीस. मला वाटलं, नवऱ्याची गंमत वाटतेय.

पुढचं तुला पाठ आहे. अहवालात आलं की सिस्टरचा दर तासाला सरासरी चौदा मिनिटं वेळ रिकामा जातो. श्रेणी वाढली नाही ती नाहीच, वर प्रत्येक पाळीतली एक सिस्टर कमी झाली. बत्तीस खाटांना तुम्ही दोघी होतात, तिथे तू एकटी राहिलीस. आपल्या दोघांचा पगार एकाच दिवशी व्हायचा आणि माझा तुझ्यापेक्षा जास्त असायचा, हे मी इतकी वर्षं किती सहज खिशात घातलं. तुझ्या हाताखाली बत्तीस जीव, माझ्या हाताखाली एक लोखंडी कपाट, तेही नीट बंद न होणारं. बरी होऊन घरी जाणारी माणसं डॉक्टरांना फुलांचा गुच्छ द्यायची आणि तुला म्हणायची, सिस्टर, जरा रिक्षा बोलवता का. तू घरी येऊन ते हसत सांगायचीस. मीही हसायचो. माझं हसणं खरं होतं, तुझं नसावं.

अहवालाची प्रत तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्याउभ्या वाचलीस, घडी केलीस आणि माझ्या पिशवीत परत ठेवलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी तिकडच्या हॉस्पिटलचं नेमणुकीचं पत्र तू त्याच टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, “मला रिकामा वेळ फार होतो असं कळलंय. बघते कुठे कामी लागतो का.” तेवढंच. मी कपडे भरायला मदत केली. इस्त्रीच्या घड्या अगदी नीट घातल्या. थांब, असं एकदाही म्हणालो नाही, कारण कुठल्या तोंडाने म्हणणार होतो.

आता आईच्या चौथ्या दिवसाचं सांगतो. दुपारचे दोन वाजले होते. आईचा ताप उतरला होता, ती माझ्याशी चुरूचुरू बोलत होती, शेजारच्या खाटेवरच्या बाईला किती मुलं आहेत हे तिने काढून घेतलं होतं. तेवढ्यात तुझी ती चष्मेवाली आली, जिला तू हाताखाली तयार केलंस, जी पहिल्या वर्षी दर सुईला स्वतःच डोळे मिटायची. आता चांगली बाई झाली आहे. तिने आईचा हात धरला, उशीची चौकशी केली, मग गप्प झाली आणि खिडकीकडे बघत राहिली. माझी नजर आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. सवय वाईट. अर्धं मिनिट झालं, एक झालं, दीड झालं. मनात म्हटलं, हे बघ, अजून तेच चाललंय.

ती उठली ती तरातरा डॉक्टरांकडेच गेली. पाच मिनिटांत आईच्या नाकाला ऑक्सिजन लागला, इंजेक्शन बदललं, एक्स-रे झाला. दुसऱ्या बाजूचं फुप्फुसही धरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर जड गेलं असतं. मी चष्मेवालीला विचारलं, आई तर छान बोलत होती, तुला कळलं कसं? ती म्हणाली, “काका, नाडी अर्ध्या मिनिटात होते. पुढचं एक मिनिट मी श्वास मोजत होते. चौतीस भरले, विसाच्या आत हवेत. सांगून मोजला तर माणूस मुद्दाम नीट श्वास घेतो, म्हणून हात सोडायचा नाही, तोंडाकडे बघायचं नाही, गप्प बसायचं. तुमच्या घरच्यांनीच शिकवलंय ना आम्हाला.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. सव्वीस वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट मला एका पोरीने सांगावी लागली. तू का नाही सांगितलीस, असा आधी मला तुझाच राग आला. मग लक्षात आलं, मी विचारलं कधी होतं? सात दिवस तुझ्यापासून चार हातांवर बसलो आणि एकदाही विचारलं नाही की तू हे काय करतेयस. विचारलं तर मोजणं बिघडेल, असा माझा नियम होता.

आई घरी आली. तिला तुझी आठवण जरा जास्तच येते हल्ली. त्या पोरीचा हात थेट आपल्या सुनेसारखा होता, असं दहा वेळा सांगून झालं. मी संध्याकाळी गॅलरीत बसतो, आपल्या त्या दोन खुर्च्या तशाच आहेत. आणि तिथे बसलो की मला माझं दुखणं आठवतं. दहा वर्षांपूर्वी छातीत दुखून मला आठ दिवस ठेवलं होतं. घरी आल्यावर रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन तू शेजारी बसायचीस, माझा हात हातात घ्यायचीस आणि रस्त्याकडे बघत राहायचीस. मी चेष्टा करायचो, काय सिस्टरबाई, आज प्रेम उतू चाललंय. तू नुसती हसायचीस. आता समजलं, मोजत होतीस. खरं सांगू, पहिल्यांदा जरा खट्टू झालो. एवढ्या संध्याकाळी मी प्रेम म्हणून धरून ठेवल्या होत्या आणि ती निघाली ड्यूटी. अहवाल वाचलास त्या दिवशी संध्याकाळी मी आपणहून हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला होता. तुला कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या. त्यानंतर तो हात कुणी धरलेला नाही.

आता मुद्द्याचं. पगारश्रेणीसाठी पुन्हा समिती बसली आहे, आणि नव्याने कोण मोजणार म्हणून माझेच जुने तक्ते पुढे ठेवणार आहेत. नोंदी बरोबर आहेत अशी मी फक्त सही करायची. साहेब म्हणाले, चार महिन्यांनी निवृत्त होताय, कशाला आपल्याच कामावर शंका काढता, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मी सही केलेली नाही. शेवटच्या रकान्याचं नाव मी खोडलं आहे आणि चुकीचं मोजलं हे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं आहे. पण खोडून भागत नाही, त्या जागी काय होतं हे लिहावं लागतं. म्हणून बारा दिवस चहाच्या सुट्टीत मी प्रत्येक वॉर्डात जाऊन एकेका सिस्टरकडून तिच्या नोंदी भरून घेतल्या. थोरल्या सिस्टरने मला उभं करून पंधरा मिनिटं झापलं आणि मग भरून दिल्या. फक्त तुझ्या एकेचाळीस कोऱ्या आहेत. त्या सोबत पाठवतोय. सदतीस नोंदी मिनिट-दीड मिनिटाच्या आहेत, त्यांचं उत्तर आता मलाही येतं. तीन ठिकाणी मला काही सुचत नाही. एक मात्र मला झोपू देत नाही. खाट नऊ, पंचवीस मिनिटं. जिला भेटायला कुणी यायचं नाही ती म्हातारी. पंचविसाव्या मिनिटाला तू तिचा हात खाली ठेवलास आणि पडदा ओढलास, आणि मी शेवटच्या रकान्यात पंचवीस लिहून पेन्सिलीला टोक काढलं. तिथे काय लिहायचं ते तूच सांग. महिनाअखेरीपर्यंत कागद पोचले तर समितीपुढे जातील. आणि शेवटी बेचाळिसावी ओळ मी वाढवली आहे, ती समितीसाठी नाही. जागा, गॅलरी. वेळ, संध्याकाळी सहा. छातीचं दुखणं दोन महिन्यांत बरं झालं, डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून दिलं होतं. तू माझा हात सात वर्षं धरलास. दोन महिने वजा करून उरलेल्या वेळापुढे काय लिहायचं, तेवढं तुझ्या अक्षरात लिहून पाठव. जमलं तर स्वतः घेऊन ये.

तुझाच,
काटेकोर