जिनिंगच्या शेडातली वाळू

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून कामावर. भागवतशेठनं अंबड रोडवरच्या त्याच्या बंद जिनिंगच्या शेडात घोडेस्वारीची शाळा काढली. जिथं कापसाचे ढीग लागायचे तिथं आता साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद वाळू पसरलीय, आणि बाजूच्या गोदामात सहा घोडे. वाळूची देखभाल माझ्याकडं. पोस्टचं नाव शेठनं सांगितलं न्हाई, म्हणून मीच ठरवलं. सरफेस इन्चार्ज.
तेहतीस वर्षं रस्त्याच्या कामावर रोलर चालवला. जिल्ह्यातले अर्धे रस्ते माझ्या चाकाखालून गेलेत. वाळू काय चीज आहे.
कोच साक्षी. राजानंद गुरुजींची पोरगी, वय सव्वीस, पुण्याला राहून घोडेस्वारी शिकली. तिनं पहिल्याच दिवशी मला जमीन शिकवली. खाली पक्का मुरूम, त्यावर तीन इंच सैल वाळू. रोज हलकं पाणी. घोडे भिंतीलगतची वाळू उडवतात, ती परत ओढून बराबर करायची. सगळं ऐकून घेतलं. राग आला, पण तिथं दाखवला न्हाई. घरी येऊन बायकोला, नंदाबाईला दाखवला.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०
जमिनीची अवस्था लाजिरवाणी. जिकडं बघावं तिकडं खुरांचे खड्डे. हे काम पास कोणी केलं?
मधोमध एक बाई दाताळं घेऊन वाळू ओढून राह्यली होती. केशरबाई. तिचं काम लीद उचलायचं, पण वाळूही तीच सारखी करती. तिला सांगितलं, आजपासून वाळूला हात लावायचा न्हाई, डिपार्टमेंट वेगळं झालं. तिनं मान हलवली आणि ओढत राह्यली. बहिरी असावी.

८ फेब्रुवारी
क्रिकेटच्या मैदानावरचा हातरोलर मागून आणला. दुपारभर एकट्यानं ओढला. चार तास. शेवटी जमीन अशी झाली की तिच्यावर कॅरम खेळावा.
संध्याकाळी साक्षी हरणीला घेऊन आली. हरणी म्हणजे तिची घोडी, तांबूस रंगाची. पुढच्या डाव्या पायाला जुनी दुखापत, त्यामुळं तिला जमीन मऊ लागती म्हणे. नखरे. पहिल्याच वळणावर हरणीचे मागचे पाय सरकले. पडली न्हाई. साक्षी खाली उतरली, टाच आपटून बघितली. टाच आत गेली न्हाई. म्हणाली, काका, हा तर रस्ता झाला.
मी थँक्यू म्हणालो. ती कौतुक करून न्हाई राह्यली हे घरी आल्यावर नंदाबाईनं सांगितलं. मंग झोपेपर्यंत संताप.

१० फेब्रुवारी
केशरबाईनं मी यायच्या आत सगळी वाळू उकरून टाकली. विचारलं तर म्हणे, भाऊ, जनावराचे पाय हायेत, ट्रकची चाकं न्हाईत.
शेठकडं तक्रार केली. शेठ फोनवर होता. माझ्याकडं बघून ‘हं’ म्हणाला. तो हं माझ्या बाजूचा होता.
संकल्प: रागवायचं न्हाई. फक्त स्पष्ट बोलायचं.

११ फेब्रुवारी
सात ते नऊ स्पष्ट बोललो. घसा बसला.

१७ फेब्रुवारी
धूळ. सहा घोडे पळाले की शेडात समोरचा माणूस दिसत न्हाई. साक्षी म्हणाली, पाणी कमी पडून राह्यलं. कमी? ठीक आहे. पाइप सोडला, मोटर चालू केली आणि समोरच्या टपरीवर चहाला गेल्तो. टपरीवाल्यानं अंतरवाली सराटीच्या सोयाबीनची गोष्ट काढली, त्याला मधेच तोडणं बरं दिसलं न्हाई.
परत आलो तर शेडात तळं. दोन घोडे कडेला उभे राहून पाणी पीत होते. दोन दिवस शाळा बंद. केशरबाई न बोलता खराट्यानं पाणी दाराकडं लोटत राह्यली. तिचं हे न बोलणंच मला खटकतं. मोटर गरजेपेक्षा मोठी घेतली, ही शेठची चूक. उद्या त्याला लेखी देणार.

२० फेब्रुवारी
लेखी दिलं न्हाई. पेन चालत नव्हता.
घोडा हे जनावर मला आवडत न्हाई, हे इथं नोंदवून ठेवतो. आज हरणीनं माझ्या शर्टाच्या खिशात नाक घातलं. खिशात चहासाठीचा गूळ होता. तिला हाकलणार होतो, पण तोवर संपला होता. उद्यापासून खिशात दोन खडे ठेवणार, एक माझा.

१ मार्च, शनिवार
मोठी बातमी. तेवीस तारखेला आपल्या शेडात स्पर्धा. बीड, परभणी, संभाजीनगरचे स्वार येणार, राज्याच्या संघाची निवड करणारे लोकही येणार. साक्षी हरणीवर उतरणार. मागच्या वर्षी ऐन वेळी हरणीचा पाय दुखावला आणि साक्षीची निवड हुकली. तेव्हापासून वर्षभर तिनं त्या घोडीला लेकरासारखं सांभाळलं. हे सगळं गुरुजींनी सांगितलं. सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. मला ते आवडलं न्हाई. विश्वास ठेवायचा तर माणसावर ठेवावा.
संकल्प: तेवीस तारखेला लोकांनी घोडे सोडून जमीन बघितली पाहिजे.

५ मार्च
वरवर वाळू ओढून काय होतं? काम मुळापासून पाहिजे. छोट्या ट्रॅक्टरमागं लोखंडी दातांची फणी लावतो आपण. दात किती खाली जावेत त्याची एक पिन आहे आणि साक्षीनं तिथं पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवलीय, ह्याच्या खाली न्हाई. मला रेघा मारून दाखवणार. दोन भोकं खाली घेतली. ट्रॅक्टर जरा कण्हला, पण जमिनीला काय सुंदर तांबूस झाक आली. शेडात एकदम जीव आला.

७ मार्च
केशरबाई रोज सकाळी वाकून वाळूतून खडे वेचून राह्यली. घमेलंभर निघतात. हे खडे आले कुठून? घोडे खुरात घेऊन येतात, दुसरं काय. तबेल्याच्या दारावर पाटी लावली: ‘कृपया खूर साफ करून आत यावे.’ घोड्यांवर परिणाम शून्य.

१४ मार्च
धुळवड. सगळ्या जगाची एक दिवस, आमची रोजची. सुट्टी.

१७ मार्च, सोमवार
केशरबाई तीर्थपुरीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. जाताना मुद्दाम माझ्याकडं आल्ती. दोनदा सांगितलं, भाऊ, रोज खडे वेचा, एक दिवसही चुकवू नका. मी म्हणालो, बिलकुल. दीड महिन्यात पहिल्यांदा डिपार्टमेंटमध्ये शांतता. आता कामाचं खरं श्रेय कोणाचं ते कळेल.

१८ मार्च
खडे वेचले. पाच मिनिटं. कंबर धरली. वरून तर एकही दिसत न्हाई, मंग वाकायचं कशाला?

२० मार्च
पाणी बराबर, वाळू सपाट, भिंतीपर्यंत एकसारखी. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. शेठचा अंगठा आला. केशरबाई नसताना. नंदाबाईला तीनदा फोटो दाखवला. चौथ्यांदा तिनं चष्मा काढून ठेवला.

२२ मार्च, संध्याकाळ
आज शेवटचा सराव. साक्षी हरणीला घेऊन चौथी फेरी मारत होती. भिंतीलगतच्या वळणावर हरणीनं एकदम मान खाली टाकली आणि तीन पायांवर आली. साक्षी उडी मारून उतरली. पाय उचलून बघितला तर खुराच्या तळव्यात मुरमाचा खडा रुतलेला, बोराएवढा. तोच डावा पाय.
डॉक्टर येऊन गेले. तळवा ठेचलाय, किमान तीन आठवडे आराम. उद्याची स्पर्धा गेली.
साक्षी पाण्याच्या बादलीत घोडीचा पाय धरून बसून राह्यली. गुरुजी बादलीतलं पाणी बदलत राह्यले. एकानं तरी ओरडायला पाहिजे होतं, म्हणजे मलाही उलट ओरडता आलं असतं.
ह्यात चूक कोणाची ते लिहून ठेवतो. मुरूम हलक्या प्रतीचा, चूक शेठची. ऐन स्पर्धेच्या तोंडावर गावाला जाणं, चूक केशरबाईची. एवढं नाजूक जनावर ठेवणं, चूक साक्षीची. ट्रॅक्टर वळवावा तिकडं जातो, चूक ट्रॅक्टरची.
फणीची पिन कोणी खाली घेतली, हे कोणी विचारलं न्हाई. मीही सांगितलं न्हाई.

२३ मार्च, रविवार
सकाळी सात वाजता साक्षीचा फोन. या म्हणाली. शेडात ती एकटीच होती. बाहेरच्या स्वारांना तिनं रात्रीच कळवलं होतं, स्पर्धा बायपासजवळच्या मोकळ्या मैदानावर हलवली होती. माझ्या जमिनीवर कोणाचाच घोडा येणार नव्हता.
म्हणाली, “काका, चपला काढा. भिंतीलगत एक फेरी मारा.”
मला राग आला. साठ वर्षांच्या माणसाला ही भाषा? पण तिच्याकडं बघून चपला काढल्या.
पहिली दहा पावलं काही न्हाई. मंग एक टोचला. मंग दुसरा, टाचेखाली. ती बादली घेऊन शेजारी चालून राह्यली होती. मी थांबलो की वाकून खडा काढायची आणि बादलीत टाकायची. वरून एकही दिसत नव्हता. दुसऱ्या वळणावर मी थांबलो, म्हणालो पुरे. ती म्हणाली, अजून निम्मं राह्यलं.
तिसऱ्या वळणावर मी तिला पिनीचं सांगितलं. आपोआप तोंडातून गेलं.
ती म्हणाली, “मला सहा तारखेलाच दिसलं होतं, काका. पिन मीच परत वर घेतली, पण खालचा मुरूम तोवर उखडला होता. तुमच्याशी बोलणार होते. केशरबाई म्हणाल्या, रिटायर माणूस आहे, घरी बसला तर खचंल. राहू दे, खडे मी वेचून घेते. मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं.”
मला वाटलं आता ती रडंल. ती रडली न्हाई. बादली उचलून बाहेर निघून गेली. दुपारच्या निवडीला ती मैदानावर गेल्ती, दुसऱ्यांचे घोडे धरायला.
एक वळण राह्यलं होतं. ते एकट्यानं चाललो.

२४ मार्च
उजवा पाय सुजला. चपलेत जात न्हाई. नंदाबाईनं हळद लावली आणि काय झालं ते विचारलं. सगळं सांगितलं. ती हसंल वाटलं होतं. हसली न्हाई, हे जास्त लागलं.
आज कोणावर रागवावं सुचलं न्हाई. पाटी काढून टाकायला पाहिजे.

२७ मार्च
शेठला फोन करून पिनीचं सांगितलं आणि राजीनामा दिला. शेठ म्हणाला, केशरबाई येऊ दे, तिला विचारतो.
तीस-तीस वर्षं धंदा केलेला माणूस लीद उचलणाऱ्या बाईला विचारणार. राग यायला पाहिजे होता. थोडा आला, पण टिकला न्हाई.

३१ मार्च, सोमवार
केशरबाई परत आल्या. लेकीला मुलगी झाली. पेढे आणले होते, पहिला मलाच दिला. हरणीचं त्यांना कळलं होतं. आधी तिच्याकडं जाऊन आल्या. मंग वाळूत आल्या, एक मूठ उचलून बोटांतून सोडली.
मी घरून भाषण पाठ करून गेल्तो. माफीचं, दीड पानाचं. चार ओळी झाल्यावर त्या म्हणाल्या, भाऊ, ऊन चढायच्या आत खडे काढू. मला घमेलं दिलं, दाराकडचा कोपरा दाखवला. दाताळं मागितलं तर म्हणाल्या, ते महिन्याभरानं बघू.
अकरा वाजेपर्यंत वाकून वेचत राह्यलो. कंबर गेली, पण घमेलं काठोकाठ भरलं. त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. त्यांनी बसून एकेक खडा हातात घेऊन तपासला.
निम्मे लिदीचे वाळलेले गोळे निघाले.