पर्सीचा यात काही संबंध नाही

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.५०.

गुन्हा घडला तो ठीक सहा पन्नासला. मी दूध गॅसवर ठेवत होते. मागच्या अंगणातून कोंबडीचा आकांत. गेले तर शेजारच्या शैलजाची कोंबडी पेरूखाली पडलेली. भिंतीवरून आमच्याकडे आली असणार. शेपूट गायब, पाठीवर रक्त. बाजूला पर्सी उभा. तोंडात पिसं.

मुंगूस आलं होतं, हे उघड आहे. पर्सीने त्याच्या तावडीतून कोंबडी सोडवली. पिसं त्या झटापटीतली.

शैलजा धावत आली. नवरा गोपीनाथ पीथमपूरच्या कारखान्यात इंजिनिअर. साताऱ्याहून येऊन वर्षही झालं नाही. ही कोंबड्या पाळायची कॉलनी नाही, हे मी आल्या दिवशीच सांगितलं होतं. ती पर्सीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "काकू, द्या, मी नेते तिला." म्हटलं, अजिबात नाही. माझ्या आवारात जखमी झाली, माझ्या कुत्र्याने वाचवली, बरीही मीच करणार. आयुष्यभर शाळा सांभाळली, एक कोंबडी म्हणजे काय!

कोंबडीचं नाव मॅडम. त्यांच्या मुलीने, ईशाने ठेवलंय. मलाही सगळी कॉलनी मॅडम म्हणते. योगायोग आहे, असं शैलजा म्हणाली. फार पटकन म्हणाली.

दूध उतू गेलं होतं. पुसलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

कॉन्व्हेंटमध्ये आजारी मुलीला सिस्टर ॲग्नेस दोनच गोष्टी देत. कोमट मिठाचं पाणी आणि शिस्त. मॅडमला दोन्ही सुरू केलं. तेलाच्या डब्यांचा खोका, खाली जुना टॉवेल, वर बल्ब.

दुपारी रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे. पोरगेलासा आहे. जखम बघून म्हणाला, "ये तो कुत्ते के दाँत हैं, मैडम." मी म्हटलं, मुंगसालाही दात असतात. तो म्हणाला, "होते हैं, पर इतनी दूर-दूर नहीं होते." डिग्री कुठली ते विचारलं. त्याने सांगितलं नाही. पाण्यात घालायचं औषध दिलं, लावायला जांभळं औषध. लाल जखम दिसली की दुसऱ्या कोंबड्या टोचतात, म्हणून ती रंगवायची. आणि म्हणे कुत्रा लांब ठेवा.

औषध घेतलं. सल्ला घेतला नाही. उलट पर्सीला खोक्यापाशी पहाऱ्याला बसवलं. एकदाही हलला नाही. डोळे खोक्यावर. लाळ गळत होती. उकाडा आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.

मॅडम खात नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. शॉक.

कॉलनी समितीला लेखी तक्रार दिली. एक, मुंगसाचा बंदोबस्त. दोन, पर्सीला प्रशस्तिपत्र. सेक्रेटरी विष्णूजींनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मैडम, नेवले को नोटिस किस पते पे भेजूँ?" मागे कोणीतरी फस्सकन हसलं. समितीची पातळी ही आहे.

प्रशस्तिपत्राबद्दल म्हणाले, "पारसी भिया को देख लेंगे." त्याचं नाव पर्सी आहे, आणि तो कोणाचा भैया नाही. आल्यापासून सांगते आहे.

हात कोपरापर्यंत जांभळे झालेत. साबणाने जात नाही. बँकेत गेले होते. पासबुक सरकवलं तर कॅशियर हात बघत राहिला. म्हटलं, मॅडमची पाठ रंगवत होते. पुढे काही विचारलं नाही त्याने.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

प्रणवचा कॅनडाहून फोन. त्याला शैलजाने सांगितलं की काय कोण जाणे, सगळं माहीत होतं. म्हणाला, "आई, पर्सीनेच केलं असणार गं." मी म्हटलं, पर्सी शाकाहारी आहे. सकाळी पोळी-दूध, रात्री वरण-भात, शनिवारी थोडी शेव. अंड्याचा वाससुद्धा माहीत नाही त्याला. तो म्हणाला, "हे तू ठरवलंयस. त्याला कोणी विचारलंय?" आणि म्हणाला, असं पुन्हा झालं तर महूला त्याच्या मित्राचं फार्म आहे, तिथे पाठवू. मोकळा राहील. उद्या ईशाला चावला तर काय करशील?

म्हटलं, नेटवर्क जातंय. ठेवला.

प्रणवचे बाबा, आमचे साहेब, गेले त्यानंतरच्या दिवाळीत प्रणवनेच आणून दिलं होतं पर्सीला. घरात काहीतरी हलतं-बोलतं असू दे, म्हणाला होता. आता महूला म्हणतो.

मला राग यायला हवा होता. आला नाही. साहेबांची खुर्ची उन्हात ठेवली. संध्याकाळी परत आत आणली.

रविवार, १६ फेब्रुवारी.

महत्त्वाचं निरीक्षण. मॅडम खायला लागली! पण फक्त सकाळी, वॉचमन पर्सीला फिरायला नेतो तेव्हा. खोका मी अंगणात उन्हाला ठेवते, शैलजा भिंतीवरून कणी देते, मॅडम पटापट टिपते. पर्सी परत आला की पुन्हा भिंतीकडे तोंड. सकाळच्या हवेचा परिणाम असावा. पर्सीची फेरी वाढवली.

शैलजा म्हणाली, "काकू, पर्सीला दोन दिवस पुढच्या व्हरांड्यात बांधलं तर?" विचारलं, का? ती म्हणाली, "नाही, सहजच." म्हटलं, वाचवणाऱ्याला बांधायचं, हे साताऱ्याला चालत असेल. ती कणी देत राहिली. सोशिक बायकांचा मला कंटाळा येतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

शेपटीच्या जागी बारीक खुंट दिसतात. नवी पिसं. जखमेवर खपली. माझं नर्सिंग.

हरी भाजीवाला भर रस्त्यात ओरडला, "मैडम की पूँछ आई क्या?" समोरच्या गॅलरीतल्या बायका आत पळाल्या. त्याच्याकडून भाजी घेणं बंद. मग मेथी नव्हती म्हणून घेतली.

दुपारी पर्सीच्या गादीखाली पिसं सापडली. वाऱ्याने आली असतील. खिडकी बंद होती, पण दाराखालून फट आहे.

पिसं बराच वेळ हातात होती. टाकून दिली. काही वाटलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

मॅडम आज खोक्यातून उडी मारून बाहेर आली, घरभर फिरली. साहेबांच्या फोटोखाली बसली. पर्सीला वॉचमनने मागे नळावर अंघोळीला नेलेलं. हाकललं नाही. मीही बसले तिथेच. चहा गार झाला.

ठरवलं. शनिवारी मॅडमला समारंभपूर्वक परत द्यायचं. विष्णूजींना बोलवायचं, प्रशस्तिपत्र त्यांनी नसलं लिहिलं तर मीच लिहिते, त्यांनी सही करावी. पर्सी आणि मॅडम यांचा एकत्र फोटो. तो प्रणवला पाठवायचा. महूचा विषय कायमचा बंद.

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ११.

सगळे आले. पोहे-जिलेबी केली होती. विष्णूजींनी आधी दोन बशा पोहे खाल्ले, मग सही केली. पर्सीला कंगवा केला होता. मी मॅडमला पाटावर ठेवलं, पर्सीला शेजारी बसवलं. गोपीनाथ म्हणाला, "काकू, नको. लांबूनच काढू फोटो." म्हटलं, तुम्ही मोबाइल धरा, बाकी मी बघते. "पर्सी, सिट," म्हटलं. तो बसला. "स्टे," म्हटलं.

मॅडमने पंख झाडले.

पुढचं फार पटकन झालं. गोपीनाथने मोबाइल टाकला आणि पर्सीचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. विष्णूजी खुर्चीवर चढले. शैलजाने मॅडमला पदरात गुंडाळलं. जिवंत आहे. नवी पिसं गेली. जुनी जखम उघडली.

पर्सी माझ्याकडे आला. शेपूट हलवत. नाक, मिश्या, हनुवटी, सगळं जांभळं.

विष्णूजी खुर्चीवरूनच म्हणाले, "मैडम, नेवला मिल गया."

कोणी हसलं नाही. मी म्हटलं, त्याला वाटलं असेल ती पाटावरून पडतेय. माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

जाताना गोपीनाथ शैलजाला म्हणाला, "पहिल्या दिवशीच बोलली असतीस तर हे झालं नसतं." मी विचारलं, काय बोलली असती? शैलजा म्हणाली, "मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं, काकू. मुंगूस नव्हतंच." म्हटलं, मग इतके दिवस? ती म्हणाली, "फोनवर प्रणवदादांनाही मी मुंगूसच सांगितलं. खरं बोलले असते तर त्यांनी त्याला महूला पाठवलं असतं. तुमच्याकडे दुसरं कोण आहे?"

उरलेली जिलेबी डब्यात भरली. भांडी घासली. प्रशस्तिपत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडायला हवं होतं. उद्या.

रविवार, २३ फेब्रुवारी.

शैलजाकडे मॅडम खाते आहे. भिंतीवरून दिसलं. मी विचारलं नाही.

प्रणवचे तीन मिस्ड कॉल.

सकाळी साखळी आणली. व्हरांड्याच्या खांबाला बसते का बघितलं. बसते.

खालील मजकूर कागदावर उतरवून शेजारी द्यायचा:

सौ. शैलजा गोपीनाथ यांस. दिनांक ११ रोजी सकाळी सहा पन्नासला जे घडलं ते आपण स्वतः पाहिलं असूनही आपण मला सांगितलं नाही. रोज भिंतीपाशी येऊन कणी दिली, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि माझी कीव केली. कीव करण्याची परवानगी मी आपल्याला दिली नव्हती. आपल्या या वर्तनाचा लेखी खुलासा मंगळवार, दिनांक २५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती मिळावा. आपण स्वतः आणून दिलात तरी चालेल. आत यावं. कुत्रा बांधलेला असेल.