तीन नंबरचा चाकू काचेच्या कपाटात जाणार नाही

मी, रामजी तुळशीराम सुरवाडे, वय सदुसष्ट, पूर्वी लूम खात्यात माग चालते ठेवणारा जॉबर, आता घरी बसून खोकणारा, राहणार लिंबायत, सुरत, मूळचा भुसावळकडचा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहून ठेवत आहे. डॉक्टरने छाती तपासून मान हलवली. डोके तपासले नाही, ते ठीक आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेले नाही. मी सांगतो आणि शेजारचा धम्मरत्न, जो वकिलाकडे कारकून आहे, तो लिहितो. ‘रागात’ हा शब्द काढू या, असे तो म्हणाला. काढू नये.

कलम १. लिंबायतमधले दोन खोल्यांचे घर, पोस्टातले पुस्तक आणि भांडीकुंडी माझी पत्नी अंजनाबाई हिची. ती आहे तोवर तिला त्या घरातून कोणी हलवायचे नाही. माझ्यामागे विहारात त्रिशरण-पंचशील म्हणावे, येणाऱ्याला चहा द्यावा. तेरावे वगैरे कोणी काढले तर मी उठून बसेन.

कलम २. माझे पाने, हातोड्या, कानशी आणि तेलाची बुधली मुलगी प्रज्ञा हिला. मुलगा नरेंद्र याला नाही. घरातला पंखा बंद पडला की नरेंद्र दुकान शोधतो, प्रज्ञा स्टूल शोधते. इतके कारण पुरे.

कलम ३. आता मुख्य जिन्नस. माझ्याकडे टिटवी छाप तीन नंबरचा घडीचा चाकू आहे. शिसवी मूठ, आत पितळी पाट्या, साध्या पोलादाचे पाते. हे पाते तेल नाही लावले तर गंजते, पण धार अशी धरते की बस. उघडताना पाठीवरची स्प्रिंग ‘टक्’ बोलते. तो आवाज आपोआप येत नाही. उधन्याच्या टिटवी कारखान्यात बन्सीलाल नावाचा फिटर होता, तो प्रत्येक स्प्रिंग हाताने कानशीने घासून बसवायचा. माझा चाकू त्याने १९६८ साली बसवला.

तेव्हापासून आम्ही दोस्त. सुट्टीच्या दिवशी डिंडोलीला शोभाबाईच्या चहाच्या टपरीवर आम्ही दहा-अकरा जण जमायचो. सगळे लूमवाले, सगळ्यांच्या खिशात टिटवी. दगड, तेल, चिंधी घेऊन बसायचो. आमची परीक्षा एकच: सुताचा एक धागा हवेत लोंबता धरायचा, खालून कोणी पकडायचा नाही आणि एका ओढीत कापायचा. तुटला तर चाकू, नाहीतर चमचा. शोभाबाई म्हणायची, “ह्या लोकांना बायका कशा सहन करतात?” अंजनाबाईला विचारा.

बन्सीलालची एक खोड होती. चाकू कधी कोणाच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, मग समोरच्याने उचलायचा. हातात दिला की भांडण होते म्हणे. मी त्याला म्हणायचो, “बन्सी, मी बौद्ध माणूस, हे थोतांड माझ्यापाशी नको.” तो त्याच्या अहिराणीत म्हणायचा, “तू नको मानू. मी मानस.” आणि ठेवायचा जमिनीवर.

कलम ४. १९९४ साली टिटवीचे मोठे शेठ वारले आणि छोट्या शेठने तीन नंबर बंद केला. एक नंबर, दोन नंबरही बंद. त्यांच्या जागी ‘टिटवी डिलक्स’ आला. प्लास्टिकची मूठ, लाल आणि पोपटी. चकचकीत स्टेनलेस पाते. शेपटीला किल्ल्यांची कडी, पोटात बाटली उघडायचा आकडा. अरे, चाकू काढलाय की जत्रेतले खेळणे? उघडताना आवाज नाही, नुसते फुस्. लोंबता धागा त्याच्यासमोर धरला तर धागा बाजूला सरकतो, वाट देतो.

टपरीवर सगळे भडकले. आमच्यातल्या श्रीरंगने बाजार धुंडाळून जुने सात चाकू आणले आणि पिठाच्या डब्यात लपवले. दोघे जण उलटे डिलक्सच्या बाजूने बोलले, म्हणाले सुरतेच्या हवेत पोलाद गंजते, हे बरे. त्यांच्याशी मी आजही बोलत नाही. आणि माझ्या पोटच्या पोराने, नरेंद्रने, त्याच डिलक्सची एजन्सी घेतली. मला म्हणाला, “पप्पा, जमानो बदलाई गयो.” जमाना बदलला तर धागा कापायचा थांबला काय रे?

आता गेल्या महिन्यात हाच नरेंद्र निरोप घेऊन आला. छोट्या शेठला माझा तीन नंबर हवा आहे. ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पाटी लावणार: ‘आमची परंपरा’. ज्याने गळा दाबला त्यानेच फोटोला हार घालायचा! म्हणून साफ लिहितो: हा चाकू नरेंद्रला मिळणार नाही, शेठला मिळणार नाही, कपाटात जाणार नाही. कोणाला जाईल ते पुढे सांगतो.

कलम ५. बन्सीलाल याला माझ्याकडून काहीही मिळू नये. माझ्या मयतीलाही त्याने येऊ नये. कारण असे. डिलक्स निघाल्यावर ते दोघे सोडून आम्ही बाकीच्यांनी सह्या करून अर्ज लिहिला, निदान तीन नंबर तरी चालू ठेवा म्हणून. उधन्याला कारखान्याच्या गेटवर गेलो. छोटे शेठ बाहेर आले, हसत होते. “काका, हवे आ ज चालशे,” म्हणजे आता हाच चालणार, असे म्हणाले आणि बन्सीलालला हाक मारली. सव्वीस वर्षे त्या गेटच्या आत घासलेला माणूस. तो आला, शेठच्या शेजारी उभा राहिला, पोपटी डिलक्स माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “रामजीभाऊ, नवा चांगला शे.” तो डिलक्स मी गटारात फेकला आणि सगळ्यांदेखत त्याला नमकहराम म्हणालो. त्या दिवसापासून तोंड पाहिले नाही. सहा महिन्यांनी शेठने त्यालाही काढला. आता पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यावर वॉचमन आहे. बरे झाले.

(इथपर्यंत धम्मरत्नने मोठ्याने वाचून दाखवले. अंजनाबाई मेथी निवडत होती. पुढचे बोलणे जसेच्या तसे लिही, असे मी त्याला सांगितले आहे.)

अंजनाबाई म्हणाली, “अहो, कशात दिला म्हणता? हातात?”

मी म्हणालो, “हातातच. सगळ्यांसमोर.”

“बन्सीभाऊंनी? माझ्या घरची विळी धार लावून आणायचे, तीसुद्धा ओट्यावर ठेवायचे, मग मी उचलायची. इतक्या वर्षांत एकदा हातात दिली नाही. आणि त्या दिवशी मालक शेजारी उभा असताना तुमच्या हातात दिला? तोंडानं खरं बोलायची सोय नव्हती त्यांची, पोटाचा प्रश्न होता. हातानं सांगत होते, हे मान्य करू नका, भांडा म्हणून. आणि तुम्ही भांडलात कोणाशी? त्यांच्याशीच!”

मी श्रीरंगकडे पाहिले. तो साक्षीला येऊन बसला होता. तो म्हणाला, “वहिनी म्हणतात ते खरं वाटतं. देताना त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, लाजेनं.”

मला ते थोतांड वाटायचे म्हणून मी कधी त्याच्या हाताकडे पाहिलेच नाही. श्रीरंगला कळले नाही तर नाही, मला तरी कळायला हवे होते. तीन वर्षे! तीन वर्षे मी त्या माणसाला शिव्या दिल्या, तो सुरतेतून गेला तेव्हा शोभाबाईकडे चहा पाजला लोकांना. लाज वाटते. आणि त्याचाही राग येतो. गाढवा, नंतर एकदा घरी येऊन सांगता येत नव्हते?

अंजनाबाई म्हणाली, “नमकहराम म्हटल्यावर कोण येतं घरी?”

कलम ५ संपूर्ण खोडले. खोडाखोडीवर माझी सही आहे.

कलम ६. टिटवी छाप तीन नंबरचा चाकू, शिसवी मुठीचा, बन्सीलाल याला. नरेंद्रने स्वतः स्कूटरवर पलसाण्याला जाऊन त्याला लिंबायतला घेऊन यावे. एजन्सीवाल्याला तेवढी शिक्षा हवीच.

हे कलम मी मेल्यावर नव्हे, उद्याच अमलात आणायचे. धम्मरत्न म्हणतो, मृत्युपत्रात असे चालत नाही, मृत्यूच्या आधी काही देता येत नाही. चालवा. मेल्यावर मी माफी कशी मागणार?

तो आला की चाकू मी देईन. हातात देणार नाही. खाली बसून जमिनीवर ठेवीन, मग त्याने उचलावा. माझा त्यावर विश्वास नाही. तरी ठेवीन.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे धम्मरत्न सांगतो. म्हणून श्रीरंगने चाकूकडे बघणे बंद करावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला कळला, राग थोडा उतरला आहे, शुद्ध कायम आहे.

सही: रामजी तुळशीराम सुरवाडे

साक्षीदार:
१. धम्मरत्न काशिनाथ तायडे, लिंबायत
२. श्रीरंग दामू बोरसे, डिंडोली

लिंबायत, सुरत
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

ता. क., सोमवार, १० नोव्हेंबर: कलम ६ पार पडले. त्याने उचलला, उघडला, ‘टक्’ झाले. मग म्हणाला, “तेल कमी शे.” तीन वर्षांनी भेटला आणि पहिला शब्द हा. भांडण सुरू आहे. सही: रा. तु. सुरवाडे