पाणी आलं!

५ एप्रिल १९९२, रविवार
आज पुन्हा! भर दुपारी मधु जिन्यात उभी राहून ओरडली — "पाणी आलं, पाणी आलं!" अख्खी बिल्डिंग बादल्या-कळश्या घेऊन नळाशी. नळ कोरडे. डोंबिवलीत पाणी केव्हा येईल हे देवालाही ठाऊक नसतं, म्हणून ज्याला आधी दिसेल त्याने जिन्यात ओरडायचं, असा आमचा रिवाज. माझी चार वर्षांची लेक तो सर्वांत निष्ठेने पाळते!

सेक्रेटरी हरिहरकाका वर आले. "वहिनी, पोरीला आवरा. लोकांच्या झोपेचा काही विचार?" यांच्या घरचा टीव्ही आम्हाला वर ऐकू येतो, ते चालतं.

९ एप्रिल
मधु हाकेला येत नाही. कधीच आली नाही. कान तपासले, उत्तम आहेत. शेजारी टीव्हीवर जाहिरात लागली की ताडकन मान वळते. "मधु" म्हटलं की ढिम्म! "पाणी आलं" सोडलं तर तोंडात दुसरा शब्द नाही; "आई" तर अजून म्हणालेलीच नाही.

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "हाकेला येत नाही तोवर नाही घेता येणार. रस्त्यावर पळाली तर?" त्यांचं खोटं नाही. तीच भीती मलाही खाते.

सासूबाईंचा धीर — "बोलेल गं. आमचा सुधीर तरी कुठे पाच वर्षांपर्यंत बोलत होता?" आता तरी कुठे बोलतो! पेपरामागून "हं" येतं, तेवढंच. वेखंडही उगाळून चाटवलं. मधुने ते माझ्या पदराला पुसलं. आता पदर बोलेल.

१५ एप्रिल
रजा टाकून ठाण्याला. नौपाड्यात सरोजताई म्हणून आहेत, न बोलणाऱ्या मुलांना शिकवतात. मागचे डॉक्टर म्हणाले होते, आई नोकरी करते म्हणून असं होतं. बाप नोकरी करतो त्याने काही होत नाही वाटतं!

ताई म्हणाल्या, ऑटिझम. आणि म्हणाल्या, "तुमचं काही चुकलेलं नाही." हे आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. तिथेच रडू फुटलं.

"ऐकलेलं वाक्य ती अख्खं उचलते. ते केव्हा म्हणते, एवढंच बघा. गप्प करू नका."

१७ एप्रिल
बघतेय. हरिहरकाका मला बघतायत.

२३ एप्रिल
परवा मी ऑफिसला निघाले, चपला घातल्या — "पाणी आलं!" काल दिवे गेले — "पाणी आलं!" आज बोट दारात चेमटलं, तेव्हाही तेच! आणि मी शहाणी दर वेळी नळ बघायला!

"पाणी आलं" म्हटलं की दारं उघडतात, माणसं हातातलं टाकून धावतात. पोरीने बरोब्बर हेरलं. ती 'ये' म्हणत होती. मला. इतके दिवस!

सुधीरला सांगितलं. पेपर खाली आला. "म्हणजे... ती बोलते?" नवराही बोलला. चांगला दिवस.

२६ एप्रिल, रविवार
मधु फाटकाबाहेर, चालली रस्त्याकडे. "मधु! मधु!" — ढिम्म. समोरून टेम्पो. माझ्या तोंडून निघालं — "पाणी आलं!"

थबकली. वळली. धावत आली, थेट माझ्या कुशीत. पहिल्यांदा!

मागे बादली घेऊन हरिहरकाका. "वहिनी, आता तुम्हीपण सुरू केलंत?"

हो. मीपण.