जाळीवाला हेडफोन

३ एप्रिल, शुक्रवार

आज गेममधे परत मागून गोळी खाऊन मेले. एकदा नाय, तीनदा. इम्रान टीमचा कॅप्टन आहे, त्याला बोलायचा हक्क आहे, पण चौघांच्या समोर म्हणला, "पाल, तेरेकू पाँव की आवाज आती नई क्या?" पाल म्हणजे मी. गेममधलं नाव, मीच घेतलंय, कोपऱ्याला चिकटून बसते म्हणून. स्नेहल नावाच्या पोरीला लोक गेममधे काय काय बोलतात ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

आवाज येतो रे बाबा. कुठून येतो ते कळत नाय. हा लाइटवाला हेडफोन नुसता ढम ढम करतो. बॉम्ब फुटला की छातीत वाजतं आणि शेजारी माणूस चालत आला तर पत्ता नाय. वर कानाला घाम, रेक्झिनचे पापुद्रे निघून केसात अडकतात.

२६ तारखेला स्पर्धेचा क्वालिफायर. पुण्याचा पृथ्वी राखीव म्हणून घेऊन ठेवलाय, तो रोज येऊन बघत बसतो. तेरवीला आल्यासारखा, गप. इम्रान म्हणला छब्बीस के पहले कुछ कर, नई तो उसको उतारना पडेगा.

बँकेची परीक्षा दोनदा झाली, दोनदा गेली. सकाळी पोरांच्या शिकवण्या घेते त्याला घरात कुणी काम म्हणत नाय. ही एक गोष्ट मला येते. ही पण गेली तर मी कोण, असा प्रश्न पडतो आणि लई राग येतो.

५ एप्रिल, रवि.

दिवसभर व्हिडिओ. सगळ्यांचं म्हणणं एकच, ओपन बॅक घ्या. मागून बंद नसतो, जाळी असते. आवाज डोक्यात कोंडत नाय, पाऊल जिथं पडलं तिथूनच आल्यासारखं वाटतं. पुढं, मागं, जिन्यावर, सगळं वेगळं. बेस, म्हणजे तो ढम ढम, कमी, तेच बरं, बेसखाली पावलं दबतात. माइक मात्र वेगळा लावावा लागणार.

तोटा पण सगळे सांगतात. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं. बाहेरचं आत येतं ही भानगड आहे, आपलं घर म्हणजे बाजार. आतलं गेलं तर गेलं. माझ्या खोलीत कोण बसलंय.

खोली म्हणायची एक पद्धत. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली जागा, दाराच्या जागी पडदा.

६ एप्रिल, सोम.

गुलमंडीत दोन दुकानं, निराला बाजारात एक. कुणाकडंच नाय. गुलमंडीवाला लाल-निळे लाइट लावून दाखवत होता, म्हणे ताई बेस ऐका बेस. मी म्हणलं जाळीवाला पाहिजे. तो म्हणला त्यात धूळ जाते, आपल्याकडं कोण घेत नाय. मग विचारलं, भावासाठी का? म्हणलं हो. कोण डोकं लावणार.

९ एप्रिल, गुरु.

समर्थनगरात कुलकर्णी काकांचा स्टुडिओ आहे, भजनं आणि निवडणुकीची गाणी रेकॉर्ड करतात. त्यांची नात माझ्या शिकवणीला, म्हणून ओळख. त्यांच्याकडं दोन ओपन बॅक. लावून बघू दिले, एवढं मात्र मानलं पाहिजे.

पहिला मोठा, भारी. मोबाइलला लावला तर मुंगी बोलल्यासारखा आवाज. काका म्हणले याला अॅम्प्लिफायर लागतो, तुमच्या कॉम्प्युटरचं काम नाय. घरी आणून पस्तावले असते. व्हिडिओवाले तोच घ्या म्हणून बोंबलत होते. दुसरा हलका, कापडी गादीचा, मोबाइलवर पण खणखणीत. मॅचचा तुकडा मोबाइलमधे नेला होता, तोच लावला. मागून येणारा माणूस मागूनच आला. मी खरंच मान वळवली.

काकांनी विचारलं काय ऐकतेयस. सांगितलं. चेहरा असा केला की जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले. "या कानांनी गोळीबार ऐकणार? सा ओळखता येतो का?" मग आडनाव, मग गाव. शेंद्र्याकडचे का, म्हणजे एमआयडीसीत जमीन गेली असेल, पैसे आले असतील, म्हणजे बरंय तुमचं. हो काका, लई बरंय.

हलकावालाच घ्यायचा. ठरलं.

१० एप्रिल

मागवला. शिकवणीचं साठवलेलं सगळं त्यात गेलं. घरी म्हणलं परीक्षेचे व्हिडिओ नीट ऐकू यावेत म्हणून. आई म्हणली घे मग.

१५ एप्रिल, बुध.

आला!

लावला आणि कानात खर्रर्रर्र. कूलर. एकच कूलर आहे, हॉलच्या खिडकीत, हॉल आणि माझी खोली दोन्हीला तोच. जुन्यात कधी जाणवला नव्हता. यात असं वाटत होतं की मी कूलरच्या आत बसून खेळतेय. पावलं गेली उडत. रडायलाच आलं.

मग उठले आणि बंद केला. हॉलमधून पप्पा ओरडले लाइट गेली का. म्हणलं थांबा जरा.

आणि मग ऐकू आलं. वरच्या मजल्यावर एक, डावीकडं एक, काचेवर पाय दिला तो. भिंतीपलीकडचा माणूस बंदूक बदलतोय ते पण. तिघं मारले. इम्रान म्हणला "कौन खेल रा इसके आयडी से?" लई लई महिन्यांनी हसले मी.

१६ एप्रिल

कूलरवरून महाभारत. शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून दादा आला की त्याला झोप लागते, आणि एप्रिलात कूलर बंद. वहिनी पेपरनं वारा घालतेय त्याला आणि माझ्याकडं बघतेय. शेवटी तह, संध्याकाळी सहा ते आठ बंद, बाकी चालू. पप्पा म्हणले परीक्षेचं आहे म्हणते तर राहू द्या. तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलं नाय. पण खेळले मस्त.

१८ एप्रिल, शनि.

दोन दिवस घरात सगळे कमी बोलतायत. टीव्हीचा आवाज पण बारीक. मला येडीला वाटलं माझ्यासाठी.

वहिनीनं भांडी घासता घासता सांगितलं. म्हणली, सगळं ऐकू येतंय ओ तुमचं. चार पोरं बोलतात ते. कोण कुठं आहे, कोण ये म्हणतंय, कोण शिव्या देतंय. पप्पा टीव्ही बारीक करून बसतात.

विश्वास बसेना. मॅच लावून हेडफोन खुर्चीवर ठेवला आणि हॉलमधे जाऊन उभी राहिले. कूलर बंद, घर गप. पडद्यामागून इम्रान बोलत होता, स्वच्छ, पाहुणा येऊन बसल्यासारखा. "आजा, मैं हूँ तेरे पीछे."

दोन वर्षं हीच पोरं याच खोलीत बोलत होती. कूलर होता, बंद हेडफोन होता, कुणाला काय नव्हतं.

१९ एप्रिल, रवि.

जेवताना पप्पांनी विचारलं. परीक्षेचं नाय विचारलं. "नाव काय त्याचं? जास्त बोलतो तो."

खोटं बोलता आलं असतं. नाय बोलले. म्हणलं इम्रान. पप्पांनी ताटात हात धुतला आणि उठले.

मग दादा. कॉम्प्युटर माझा आहे, इंजिनिअरिंगला मला घेतला होता, उचलून नेईन म्हणला. ने ना. याच खुर्चीवर बसून यानं चार वर्षं हाच गेम खेळला, अख्ख्या गावाच्या पोरांबरोबर, गळा फाटेपर्यंत शिव्या. त्याला कुणी विचारलं होतं का, समोरचा कोण, आडनाव काय? वर आई दूध आणून द्यायची. हे मी तोंडावर बोलले. दादा म्हणला माझी गोष्ट वेगळी. तेवढंच म्हणला.

सगळ्यात जास्त चीड याची येते की वेगळी काय ते कुणी सांगत नाय.

२१ एप्रिल, मंगळ.

आवाजच कमी करून बघितला, फक्त पोरांचा. मग कोण कुठं आहे ते मलाच कळेना, आपल्याच माणसाच्या गोळीत गेले.

दुपारी आई मेथी निवडत होती. मी समोर बसले. मग खाली बघूनच म्हणली, "ते जुनं होतं ना, ते घाल. कूलर लाव आणि खेळ. मला काय त्रास नव्हता."

म्हणलं, तुला माहीत होतं मी खेळते ते?

"येडी समजलीस का मला? परीक्षेचा अभ्यास करताना कुणी असं दात खात नाय." मग म्हणली, "माझ्या कानावर नको येऊ दे. आलं की मग मला आई व्हावं लागतं."

ती मला रस्ता दाखवत होती, हे कळतंय मला. तिच्या जागी ती बरोबर असेल. पण मला एवढं वाईट दादाच्या बोलण्याचं नाय वाटलं. चांगलं चाललंय का, जिंकतेस का, हे तिनं एकदा तरी विचारायचं.

जाता जाता मात्र म्हणली, पाल काय म्हणतात तुला? दुसरं नाव नव्हतं का?

२३ एप्रिल

दोन दिवस जुना घातला. कूलर चालू, दादा घोरतोय, पप्पांचा टीव्ही फुल्ल, वहिनी हसून बोलली. घर एकदम सुखी. मी मागून मेले, परत परत.

इम्रानला खरं सांगून टाकलं. मग म्हणला, मेरेकू पहले बोलना था ना, मैं कम बोलता. म्हणलं कॅप्टन कमी बोलून कसं चालेल. म्हणला हौ, वो भी है. मग अडखळत अडखळत, "पृथ्वी को तैयार रखता मैं. बुरा मत मान, बाकी तीन लोगों का भी है ना." बुरा का मानू. त्याच्या जागी तो पण बरोबर. हल्ली सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, जागा नाय ती मलाच.

२५ एप्रिल, शनि.

इम्रानला कळवलं उद्या मीच खेळणार, मग आईला सांगितलं, जाळीवाला घालणार. संध्याकाळी पाचपासून, सगळे घरी असतील तरी.

म्हणली मला कशाला सांगतेस. म्हणलं ऐकू येणारच आहे, म्हणून आधी सांगते.

पप्पांना पण जाऊन सांगितलं. परीक्षा नाय, स्पर्धा आहे, टीममधे मी एकटी मुलगी, इम्रान कॅप्टन आहे, हरले तर मला काढतील. एका दमात. पप्पांनी पेपरची घडी घातली आणि म्हणले, "झालं बोलून?" झालं म्हणलं.

दादानं कॉम्प्युटर नेलेला नाय अजून.

२६ एप्रिल, रविवार

पहिली मॅच झाली. जिंकलो. दुसरी थोड्या वेळात, ती जिंकली तरच पुढं. मधल्या वेळात लिहितेय.

बसायच्या आधी कूलर बंद करायला उठले तर पप्पांनी आधीच बंद केला होता. टीव्ही पण. माझ्यासाठी केलं म्हणायची हिंमत नाय, त्यांना नीट ऐकायचं होतं. हॉलमधे सगळे होते. आई, वहिनी, दादा पण. पडद्याखालून पप्पांचे पाय दिसत होते, पडद्याकडं तोंड करून.

इम्रान सुरुवातीला दबून बोलत होता. तुटक तुटक. पहिले डाव हातचे गेले. मग मीच म्हणलं जोरात बोल. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणला पक्का? म्हणलं पक्का. मग तो सुटला. पाल बाएँ जा, पाल रुक, पाल अभी नई, अब जा. गेले, थांबले, परत गेले. शेवटच्या डावात एकटी उरले होते आणि मागून पाऊल आलं. मागूनच. वळले आणि मारला. पोरं एवढी ओरडली की हेडफोन काढून हातात धरला.

मॅच संपल्यावर पडदा बाजूला झाला. पप्पा. मला वाटलं आता जिंकलीस म्हणतील. निदान काय झालं विचारतील. उभे राहिले, स्क्रीनकडं बघितलं, हेडफोनकडं बघितलं.

म्हणले, "तो थांब म्हणला की थांबतेस. जा म्हणला की जातेस. या घरात तुला कुणी सांगितलेलं एक तरी काम असं केलंस का गं?"

उत्तर होतं माझ्याकडं. इथं मला कुणी एवढं जवळून बघितलेलंच नाय की थांब कधी सांगायचं आणि जा कधी. पण ते बोलायला मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते, रागानं का कशानं ते कळेना. इतक्या वर्षांत मी पण त्यांच्याकडं कधी नीट बघितलं नाय.

इम्रान बोलावतोय. चालू होतंय.

पप्पा गेले नायत. हॉलमधली खुर्ची उचलून आत आणलीय आणि माझ्या मागं बसलेत.