कोळशाचा गोल

सिंदी मेघे, वर्धा
१४ जुलै २००३

प्रिय दादा,

बैतूलला मामांकडे फोन लावला की मामी म्हणतात, "योगेंद्र आत्ताच बाहेर गेला." सकाळीही आत्ताच, रात्रीही आत्ताच. म्हणून लिहिते आहे. पत्र तरी तुला हातात घ्यावं लागेल. आधी सगळ्यांची खुशाली लिहायची असते, ती आज मला जमणार नाही. मी रागावले आहे, आणि हा राग गिळून मी गोड काही लिहिलं तर ते खोटं होईल.

कालच मी छावणीतल्या लष्करी दवाखान्यात जाऊन आले. गेटवर तासभर उभं ठेवलं मला. पूर्वी बाबांचं नाव सांगितलं की शिपाई हसून आत सोडायचा. आता हिंदीत म्हणाला, "वही ठेकेदार?" म्हणजे तोच का तो. त्या 'वही'ने मला जे वाटलं ते तुला वाटायला हवं होतं. सचिन नावाचा जवान आहे, आर्वीकडचा, तुझ्यापेक्षा लहान. दोन्ही पाय वजनं लावून टांगलेले, कुशीवरसुद्धा वळता येत नाही. छताचं प्लास्टर सुटलं तेव्हा आधी कडकड आवाज झाला म्हणे. शेजारच्या खाटेवरचे उठून पळाले. हा कुठे पळणार? त्याने तोंडावर हात आडवा धरला. तोंड वाचलं, हाताची बोटं चेंदली. मला म्हणाला, "ताई, छताचा तो फुगा मी रोज पाहून राह्यलो होतो. वाटलं, नवीनच काम हाय, ठेकेदाराले समजत असंल."

दादा, ते गोडाऊन नव्हतं. दवाखान्याच्या छताखाली माणूस उताणा पडून असतो. दिवसभर त्याला दुसरं काही दिसत नाही. बाबा हेच सांगायचे, आठवतं का? शाळेत घालायच्या आधी त्यांनी आपल्याला विटा मांडून अंक शिकवले आणि बांबूच्या काठीने छत ठोकायला शिकवलं. भरीव आवाज आला की पुढे जायचं. पोकळ आला की तिथे कोळशाने गोल काढायचा, आणि गोल काढला की मिस्त्रीने तेवढं प्लास्टर पाडून नवं करायचंच. मग ते सरकारी काम असो की कोणाच्या गोठ्याचं. तू गोलात फुली मारायचास. मी दोन डोळे काढायचे. पाच वर्षांची होते, बाबांच्या खांद्यावर बसून काढायचे. बाबा हसायचे, "हे छत आपल्याकडं पाहून राह्यलं, आता फसवता येत नाई." पुढे मोठी झाले तरी डोळे काढायची सवय गेली नाही.

मार्चमध्ये त्या वॉर्डात मी पोकळ जागांवर गोल काढले, डोळ्यांसकट. तुला हात धरून दाखवले. पावसात गच्चीतून पाणी मुरतं, आधी वरचं काम करू, मग प्लास्टर पाडू, असं म्हटलं. मी छताला पोचायला ज्या लाकडी घोडीवर चढले होते, तिच्याखालून तू ओरडलास, "इन्स्पेक्टरीणबाई, उतरा आता! मार्चएंड हाय. काम दाखवलं नाई त सरकारचा पैसा वापस जाईन, मग बस तू छत ठोकत." सगळे मजूर हसले. मी कुलूप दोनदा ओढून पाहते, गॅस तीनदा पाहते, म्हणून तू मला नेहमीच हसतोस. त्या दिवशी माझीही खात्री हलली. वाटलं, आपलंच शंकेखोर मन. पण घरी आल्यावर मी बाबांसमोर पुन्हा सांगितलं आणि तू त्यांच्या खाटेशी बसून म्हणालास, "सगळे गोल पाडतो, बाबा." अर्धांगवायूने आडव्या झालेल्या माणसाला तू शब्द दिलास. दुसऱ्या दिवशी मला आर्वीच्या कामावर पाठवलंस आणि त्या गोलांवरून ऑइलपेंट फिरवलास.

चुन्याचा हात दिला असतास तरी निदान ओल वर आली असती, डाग पडले असते, कोणीतरी बोंब मारली असती. ऑइलपेंटमध्ये पाणी आतल्या आत साठतं. हे तुला माहीत होतं. आपल्या घरातल्या मांजरालासुद्धा माहीत असेल. टेंडर मिळावं म्हणून रेट पाडलास, ते मी समजू शकते. सगळेच पाडतात. पण शब्द?

आणि त्यावर कळस म्हणजे आपल्या चिंधूकाका मिस्त्रींचं. तू चौकशीच्या साहेबांना सांगून आलास की पोकळ प्लास्टर त्यांनीच लपवलं. पडलेला तुकडा साहेबांच्या टेबलावर आहे. पेंटचा पापुद्रा सालीसारखा निघाला आणि खाली कोळशाचा गोल, दोन डोळे. साहेबांनी काकांना विचारलं, ही खूण कोणाची? बाबांच्या हाताखाली ज्याचे केस पिकले, ज्याने मला घोडीवर चढायला शिकवलं, त्या माणसाला ती खूण ओळखू आली नसेल? काका मान खाली घालून म्हणाले, "मले का मालूम, साहेब. छताले डोये कोन काढते त." त्यांचा गेटपास काढून घेतला. छावणीचं काम गेलं म्हणजे त्यांचं सगळं गेलं. आपल्या अंगणात आले होते, आईने चहा दिला. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "पोरी, तू काई बोलू नको. तुह्या लग्नाचं पाहून राह्यले ना घरात." मला त्या चहाच्या कपाकडेही बघवेना.

बाबांची जीभ अजून जड आहे. पण त्यांनी शब्द जुळवत विचारलं, "ठोकून... पाह्यलं होतं?" मी हो म्हटलं. "गोल?" मी हो म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून तुझं नाव काढलेलं नाही. आईला अजून आशा आहे की पोरगा बैतूलहून आल्यावर सगळं नीट करेल.

येत्या सोमवारी चौकशी पुन्हा आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, पण मी जाणार आहे. साहेबांना सांगणार की खूण माझी आहे, चिंधूकाकांनी काहीच लपवलं नाही, गोल पाडायचा शब्द कोणी दिला आणि पेंट कोणी मारायला लावला. त्यांचा विश्वास बसला नाही तर त्यांच्या भिंतीवर कोळशाने तसाच गोल काढून दाखवीन. माझ्या लग्नाचं जे व्हायचं ते होईल. घरात चूक झाली की आधी ज्याची त्याला तोंडावर सांगायची, मग बाहेर बोलायचं, ही बाबांचीच शिकवण. तू तोंड दाखवत नाहीस, म्हणून हे पत्र. रविवारच्या गाडीनं येजो, दादा. सोमवारी गेटवर मी तुझ्यासाठी थांबेन, पण साहेब आत बोलावतील तेवढा वेळच. आलास तर तू आधी बोल, मी मागे उभी राहीन. नाही आलास तर मी बोलेन.

कितीही रागावले तरी तुझीच,
रक्षा